इंजुरीची जन्मपत्रिका

आमच्या हायस्कुलात इंग्रजीचे एक मास्तर होते. त्यांचं नाव मी घेत नाही. घेतलं तर त्यांच्या नातवंडांना वाटायचं, आजोबा कुणी मोठे होते म्हणून छापून आलेत. तसलं काही नव्हतं.

पनवेलात तेव्हा एस.टी. नवीनच होती, रेल्वेचा पत्ता नव्हता आणि इंग्रज जाऊन सातआठ वर्षं उलटली होती. पण इंग्रज गेले ही बातमी आमच्या मास्तरांपर्यंत कुणी पोचवली नसावी. भर मार्चमध्ये, अंगाची काहिली होत असताना, हा माणूस बंद गळ्याचा कोट घालून यायचा. कोटाच्या खिशात दोन पेनं, एक निळ्या शाईचं आणि एक लाल. निळं नुसतं शोभेला. मुंबईच्या कॉलेजात म्हणे त्यांनी दोन वर्षं लॅटिन घेतलं होतं. त्या दोन वर्षांच्या शिदोरीवर त्यांनी पुढची तीस वर्षं टेंभा मिरवला.

अकरावीच्या वर्गावर शनिवारचा शेवटचा तास ते ‘शब्दाच्या जन्मपत्रिके’साठी राखून ठेवत. फळ्याच्या मधोमध एक इंग्रजी शब्द लिहायचा, भोवती पत्रिकेची घरं आखायची आणि मग चऱ्हाट सुरू. हा शब्द जन्मला कुठे, आई कोण, बाप कोण, फ्रेंचांच्या घरी दत्तक कधी गेला, इंग्रजांकडे नांदायला कधी आला. मुलांनी ते सगळं वेगळ्या शंभर पानी वहीत उतरवायचं. वहीला खाकी कव्हर, कव्हरवर चौकोनी लेबल. मॅट्रिकच्या परीक्षेत यातलं एक अक्षर विचारत नसत. ज्या पोरांना रजेचा अर्ज इंग्रजीत धड लिहिता येत नव्हता, त्यांना हे गृहस्थ रोमन लोक भांडताना काय बोलत ते शिकवायचे. आणि बाकीचा स्टाफ म्हणायचा, काय पण व्यासंग! व्यासंग म्हणे. कपाळ त्यांचं.

दुसरी रीत याहून भारी. शाळेतून बाहेर जाणारा कुठलाही इंग्रजी कागद आधी त्यांच्या टेबलावरच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये पडायचा. मास्तर तो लाल पेनानं ‘शुद्ध’ करायचे, कोपऱ्यात आद्याक्षरं ठोकायचे, मग ज्याचा कागद त्यानं तो पुन्हा सुवाच्य लिहायचा आणि मग हेडमास्तरांची सही. हेडमास्तर स्वतः इंग्रजीत कच्चे, त्यामुळे ट्रेमधून न गेलेल्या कागदाला ते हात लावत नसत. लाल पेनाची खाज इतकी, की कुणाच्या लग्नाची छापील इंग्रजी पत्रिका आली तरी मास्तर त्यातले स्वल्पविराम सुधारून नोटीस बोर्डावर लावत. नवरानवरीचा फोटो असता तर त्यांचे भांगही सरळ केले असते.

मी खालच्या वर्गांना मराठी आणि गणित शिकवायचे. पंचविशीतली होते आणि टेम्पररी होते. जूनमध्ये कायम करू असं हेडमास्तर मला सलग दोन वर्षं सांगत आले होते.

आता त्या मुलीचं सांगते. करंजाड्याच्या बाजूच्या एका गावातून ती रोज चालत शाळेत यायची. बाप मिठागरात कामाला. मिठागरात काम म्हणजे काय ते ज्यांनी त्या माणसांची पावलं पाहिलीत त्यांनाच कळेल. त्या गावातून मॅट्रिकपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी. सातवीत माझ्या हाताखाली होती. तेव्हा तिचा बाप एकदा शाळेत आला होता, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि मला विचारलं, “बाई, पोरगी शिकते का खरंच, का नुसती येते नि जाते? आमाला काय समजत नाय.”

“शिकवा तिला,” मी म्हटलं. “माझ्यावर सोडा.”

मोठ्या तोंडानं म्हटलं होतं. त्यानं ते धरून ठेवलं. अकरावीला आली तेव्हा त्याचा थोरला भाऊ रोज कटकट करायला लागला, पोरगी घोड्यासारखी वाढली, लग्न कधी करणार म्हणून. स्थळही त्यानंच आणलं होतं. बापानं भावाशी एवढाच करार केला, की या मार्चात पोरगी मॅट्रिकला बसेल. पास झाली तर ट्रेनिंग कॉलेजात जाऊन मास्तरीण होईल. नाही झाली, तर वैशाखात अक्षता. पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं वगैरे लाड त्या करारात नव्हते. हे तिला माहीत होतं आणि मलाही.

परीक्षेच्या आधीचा दुसरा शनिवार. मास्तरांनी शब्दांच्या वह्या तपासायला काढल्या. परीक्षा नऊ दिवसांवर आलेली, पोरं भूमितीची प्रमेयं घोकतायत, आणि याला वह्यांवरची लेबलं बघायची होती! त्या मुलीनं सगळे शब्द लिहिले होते, एकही चुकवला नव्हता. फक्त वेगळी वही केली नव्हती. इतिहासाच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर लिहिले होते.

“बाकावर हात ठेव. उताणा नाही, पालथा.”

मास्तरांकडे एक लाकडी गोल रूळ होता, समासाच्या रेघा मारायचा. पालथ्या हाताच्या बोटांवर तो मारायची त्यांची पद्धत. मी खडूची पेटी परत करायला गेले होते, त्यामुळे नेमकी दारात होते. पहिला फटका बसला. दुसरा बसला. तिसऱ्याला तिनं हात मागे घेतला आणि रूळ बाकाच्या कडेवर बोटांसकट बसला. तिच्या तोंडातून हुं की चूं आलं नाही. आवाज आला तो बोटांचा.

मी काय केलं म्हणाल, तर खडूची पेटी दाराशीच ठेवली आणि माझ्या वर्गावर परत गेले.

शाळा सुटल्यावर ती पाण्याच्या टाकीपाशी हात नळाखाली धरून बसलेली दिसली. बोटं वांग्यासारखी सुजलेली. तिला घेऊन मी बाजारातल्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, लाकडाच्या पट्ट्या लावून हात बांधला. उजव्या हाताची दोन बोटं मोडली होती, नेमकी पेन धरायची.

“तीन आठवडे लिहायचं नाही,” ते म्हणाले. मग तिचं तोंड बघून त्यांनीच विचारलं, “मॅट्रिकला आहेस का? घाबरू नकोस. लेखनिक मिळतो. तू सांगायचं, त्यानं लिहायचं.”

त्यांनी तिथल्या तिथे आपल्या कागदावर इंग्रजीत तीन ओळी खरडल्या, शिक्का मारला आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. उजव्या हाताला इंजुरी, दोन बोटांची हाडं मोडलेली, तीन आठवडे लिहिता येणार नाही. “केंद्रावर एवढी दाखवा. एवढी पुरे,” असंही म्हणाले.

एवढी पुरे! शब्द स्पष्ट ऐकला होता मी. वाटेत त्या मुलीनं मला विचारलं, “बाई, होईल ना?” मी म्हटलं, “होईल गं. मी आहे ना.”

आणि सोमवारी सकाळी मी एक रीतसर इंग्रजी अर्ज लिहिला, त्याला डॉक्टरांची चिठ्ठी टाचली आणि जाऊन त्या पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवला. ज्यानं बोटं मोडली त्याच्याच पुढ्यात नेऊन ठेवला. रीत होती ना तशी! दुसरं काही करता येतं, चिठ्ठी पर्समध्ये ठेवून सरळ एस.टी. पकडता येते, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मेंढरं बरी.

दुपारच्या सुट्टीत मास्तर माझा कागद नाचवत स्टाफरूममध्ये आले.

“इंजुरी! हा शब्द कुणी वापरला?”

“डॉक्टरांच्या चिठ्ठीत आहे,” मी म्हटलं. “तोच मी घेतला.”

“डॉक्टरांना औषधं कळतात, बाई. शब्द कळत नाहीत. इंजुरी म्हणजे काय वाटतं तुम्हाला? जखम?”

आणि वळले. नोटीस बोर्डाशेजारच्या फळ्यावर शब्द लिहिला, भोवती घरं आखली. सोमवार असून आम्हाला शनिवारचा तास! “इन म्हणजे नाही. युस म्हणजे न्याय, हक्क. ज्यूरी, जस्टिस, जज्ज, सगळी याच कुळातली. इंजुरी म्हणजे मुळात न्यायाला सोडून केलेलं कृत्य. रोमन काळात भर रस्त्यात एखाद्याच्या थोबाडीत दिली आणि रक्ताचा टिपूस आला नाही, तरी ती इंजुरी. उलट ठेच लागून ढोपर फुटलं, तर ती त्यांच्या लेखी इंजुरी नव्हे. अंगाला लागणं हा अर्थ मागाहून चिकटला. म्हणजे हा शब्द शाळेच्या कागदावर लिहिला, की इथे कुणीतरी अन्याय केला असं आपणच लिहून दिलं!”

हेडमास्तरांनी मान डोलावली. बाकीच्यांनीही डोलावल्या.

अहो, पण म्हणजे डॉक्टरांनी अगदी नेमका शब्द लिहिला होता! मास्तरांनी स्वतःच्या हातानं, खडूनं घरं आखून सिद्ध केलं होतं, की या पोरीला झालं ते थेट मुळापासून इंजुरी आहे. आणि म्हणूनच तो शब्द खोडायचा. दोन वर्षं लॅटिन आणि तीस वर्षं डिक्शनऱ्या चाळून या माणसानं मिळवलं काय, तर आपलं कृत्य कुठल्या शब्दात बरोबर बसतं ते ओळखून तेवढाच शब्द लपवायची अक्कल. किळस आली मला त्याची. हे सगळं मला तिथल्या तिथे सुचलं होतं, अगदी जिभेवर आलं होतं. पण कप अर्धा भरलेला होता, मी चहा पिऊन टाकला.

“मग काय घालावं?” हेडमास्तरांनी विचारलं.

“हर्ट. जुन्या फ्रेंचमधला आहे. मूळ अर्थ धडकणं, मेंढा ढुशी देतो तसं. यात न्याय-अन्यायाचा वास नाही. मुलीनं हात मागे घेतला, तो बाकाला धडकला. हर्ट.”

रूळ कुठे गेला, असं त्या खोलीत एकानंही विचारलं नाही. आम्ही सात जण होतो.

मंगळवारी हेडमास्तर आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. त्यांचे मेहुणे वकील. रात्री जेवताना हेडमास्तरांनी त्यांच्यासमोर मोठ्या कौतुकानं हर्ट शब्द काढला, तर मेहुण्यांनी ताटावरूनच सुनावलं, की अहो हा तर फौजदारीतला शब्द, आणि हाड मोडलं असेल तर साधा हर्ट नाही, ग्रीव्हस हर्ट, पिनल कोडात छापलाय. झालं! हेडमास्तरांना स्वप्नात बेड्या दिसल्या असतील. हर्ट बाद झाला.

बुधवारी वूंड शब्दाची पाळी आली. हा म्हणे अस्सल जुना इंग्रजी, जर्मनांचा चुलतभाऊ, कोर्टकचेरीशी संबंध नाही. पण मास्तरांना एक शंका आली. वूंड म्हणायचं तर कातडी फाटलेली हवी. मग त्यांनी काय करावं? त्या मुलीला स्टाफरूममध्ये बोलावून घेतलं. ती बांधलेला हात छातीशी धरून उभी राहिली. शनिवारपासून एका ओळीचाही सराव तिला करता आला नव्हता.

“रक्त आलं होतं का गं?”

“नाय सर.”

“थोडंसुद्धा? आठवून सांग.”

“नाय सर. नुसती सुजली.”

“मग वूंड बसत नाही,” मास्तर हेडमास्तरांकडे वळून म्हणाले, आणि ती अजून उभी आहे हे दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. मीच तिला जा म्हणून खूण केली. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं, मी हातानंच सांगितलं, होतंय, होतंय. डोंबलाचं होत होतं.

गुरुवारी शेवटी शब्द सापडला. इनडिस्पोज्ड! उमेदवाराचा उजवा हात इनडिस्पोज्ड आहे. म्हणजे हाताची प्रकृती जरा ठीक नाही, हाताला कसंसंच होतंय. मास्तरांनी तो शब्द तीनदा वेगवेगळ्या सुरात म्हणून दाखवला. हेडमास्तर खूष. “वा, सभ्य शब्द आहे,” म्हणाले. मॅट्रिकचे पेपर चार दिवसांवर आले होते आणि दोन जाणती माणसं एका शब्दावरून एकमेकांना टाळ्या देत होती. अर्जाच्या शेवटी मास्तरांनी स्वतःहून भर घातली, की ही अस्वस्थता पडल्यामुळे उद्भवली. त्याखाली पालकाची सही हवी.

शुक्रवारी बाप आला. मिठागरातून तसाच आला होता, पोटऱ्यांवर वाळलेलं मीठ. हेडमास्तरांनी त्याला बसा म्हटलं नाही. मराठीत समजावून सांगितलं, की मुलगी पडली असं लिहिलंय, खाली सही करा.

त्यानं कागद हातात घेतला. “मारलं ते लिवायचं नाय काय?”

“ते लिहिलं तर चौकशी लागेल,” हेडमास्तर म्हणाले. “चौकशी लागली तर परीक्षा राहिली. बघा बुवा, तुमची मर्जी.”

“नको, नको. मंग पडलीच लिवा,” तो घाईनं म्हणाला. “पोरीचा पेपर होऊ द्या. बाई, पेपर होईल ना?”

“होईल,” मी म्हटलं. त्यानं एकेक अक्षर काढत सही केली. त्याच्याखाली अर्ज लिहिणारी म्हणून माझी.

शनिवारी शाळा सुटताना हेडमास्तरांची सही झाली आणि कागदांचा तो पुडका माझ्या हातात आला. सगळ्यांत वर माझा नवा सुवाच्य अर्ज. खाली डॉक्टरांची चिठ्ठी. ती मी पाहिली. तिच्यात ‘इंजुरी’वर लाल रेघ मारली होती, वर ‘हर्ट’ लिहून तेही खोडलं होतं, त्याच्यावर बारीक अक्षरात ‘इनडिस्पोझिशन’ लिहिलं होतं, आणि कोपऱ्यात डॉक्टरांच्या शिक्क्याला लागून मास्तरांची लाल आद्याक्षरं. डॉक्टरांची चिठ्ठी शुद्ध केली होती त्यांनी! परक्याच्या सहीशिक्क्याचा कागद! आणि मी तो हातात धरून काय पाहिलं असेल? नव्या शब्दाचं स्पेलिंग बरोबर आहे का ते पाहिलं. बरोबर होतं. मी चिठ्ठी पुन्हा टाचून पाकिटात घातली.

आमचं परीक्षेचं केंद्र तेव्हा अलिबागला होतं. पेपर सोमवारी, म्हणून रविवारी सकाळच्या एस.टी.नं मी, ती आणि तिचा बाप निघालो. बापानं स्वच्छ धुतलेला सदरा घातला होता. तिची तिथे राहायची सोय एका नातेवाइकांकडे केली होती, म्हणून गाठोड्यात तांदूळ आणि सुके बोंबील बांधले होते. वाटेत तिनं मला इतिहासातले प्रश्न विचारायला लावले. विचारीन ते तोंडपाठ सांगत होती, एकदाही अडली नाही. बापाला काही कळत नव्हतं, पण तो प्रत्येक उत्तराला मान डोलावत होता.

केंद्रावरचे मुख्य अधिकारी साठीला टेकलेले, चष्मा नाकावर, बोलायला शांत. पाकीट उघडून अर्ज त्यांनी वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“इनडिस्पोज्ड म्हणजे? ताप आहे का मुलीला?”

“नाही, हात,” मी म्हटलं.

मग त्यांनी चिठ्ठी पाहिली. उजेडाकडे धरली. “डॉक्टरांच्या चिठ्ठीत खाडाखोड कुणी केली?”

आणि मी काय सुरू करावं? मी त्यांना सांगायला लागले, की इंजुरी या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ अन्याय असा आहे, त्यामुळे तो इथे योग्य नव्हता, आणि हर्ट हा फ्रेंचमधून आलेला. मास्तरांचा अख्खा तास मी त्या टेबलासमोर उभी राहून घडाघडा म्हणून दाखवला. त्यांच्याच आवाजात म्हणाले असेन. स्वतःची आठवण झाली की आजही अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

त्या गृहस्थांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, “बाई, आमच्याकडे अर्ज लागतच नाही. डॉक्टरांची चिठ्ठी आली असती तर मी लगेच लेखनिक नेमला असता. पण ही अशी चिठ्ठी मला धरता येत नाही. उद्या कुणी विचारलं तर मी काय दाखवू?” त्यांनी त्या मुलीच्या हाताकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज मऊ झाला. “तरी मी माझ्या जबाबदारीवर परवानगी देईन. लिहून घेतो आणि खाली सह्या घेतो. मुलीचा हात कशानं मोडला, तेवढं तुम्ही शाळेतर्फे साध्या मराठीत सांगा. मुलीनंही तेच सांगावं. दोघींचं जुळलं की झालं.”

याहून सोपं काय असतं? समोर कागद, हातात पेन, एक भला माणूस विचारतोय. मास्तर वीस कोसांवर, हेडमास्तर वीस कोसांवर. “शिक्षकांनी रुळानं मारलं, मी पाहिलं,” एवढंच म्हणायचं होतं. पण त्याखाली सही माझी पडणार होती. ते लेखी होणार, शाळेकडे जाणार, आणि जून येणार.

“पडली,” मी म्हटलं.

त्यांनी मुलीकडे पाहिलं.

ती सरळ उभी होती. “नाय साहेब, मी पडले नाय,” ती म्हणाली. “सरांनी रुळानं मारलं. बाई दारात हुत्या. बाईंनी बघितलंय.”

मला वाटत होतं तिला माहीत नाही. तिची पाठ होती माझ्याकडे, असं मी आठवडाभर स्वतःला सांगत आले होते. अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं नाही. “बाई?” त्यांनी पुन्हा विचारलं. दुसरी संधी दिली हो त्या माणसानं मला! मी तोंड उघडलं असतं तर तेव्हाही जुळलं असतं.

मी गप्प राहिले आणि तेवढ्यात बाप पुढे झाला. त्याला वाटलं, पोरीनं घोटाळा केला, ठरलं होतं ते मोडलं, आता परीक्षा जाते. त्यानं टेबलापुढे वाकून हात जोडले. “साहेब, पोरीचं मनावर घेऊ नका, लहान हाय. बाई सांगतात तेच खरं. पडली ती. माझी सही हाय ना कागदावर. बाई शिकलेल्या हायेत, त्या खोटं कशाला बोलतील?”

अधिकाऱ्यांनी सगळे कागद पाकिटात घालून पाकीट माझ्याकडे सरकवलं.

बाहेर व्हरांड्यात तिनं माझी पेन्सिल मागितली. भिंतीला कागद लावून डाव्या हातानं स्वतःचं नाव लिहून पाहिलं. अर्धं झाल्यावर पेन्सिल मला परत दिली. बापानं विचारलं, राहायचं का, उद्या बसून बघायचं का, तर ती नको म्हणाली.

वैशाखात तिचं लग्न झालं. मला आमंत्रण नव्हतं. जूनमध्ये हेडमास्तरांनी मला कायम केलं, आणि मास्तर पुढे कित्येक वर्षं शनिवारी घरं आखत राहिले, त्यांच्या निरोपसमारंभाला त्यांच्या व्यासंगावर दोन भाषणं झाली. त्यातलं एक मी केलं. त्या माणसाचा मला तेव्हाही तिटकारा होता आणि अजून आहे. पण त्यानं खोटं कागदावर लिहिलं. त्या मुलीच्या तोंडावर ते मी बोलले.

परतीच्या बसमध्ये ती बापाच्या शेजारी, पुढच्या बाकावर बसली. मी मागे. पळस्प्याला नाक्यावर बस थांबली तशी ती उठली आणि गाठोडं उचलून खाली उतरली.

“अगं, पनवेल नाय आलं!” बाप ओरडला. तिथून त्यांचं गाव दोन कोस तरी लांब, आणि ऊन मी म्हणत होतं. तो गोंधळून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागला. “बस लागली असंल तिला,” मला म्हणाला. कंडक्टर घाई करत होता. पायरीवर उतरता उतरता तो थांबला, वळला आणि त्यानं मला हात जोडले.

“बाई, तुमी लय केलंत आमच्यासाठी.”

खालून, रस्त्यावरून ती म्हणाली, “बा, चल. तिला हात नको जोडू.”